अब्बांचे दोनशे चौदा पॉइंट

२८ जुलै २००७, शनिवार
आज परत हार्ड ड्राइव्ह लावला. दिवा लागतो, आत टक् टक् होतं आणि लॅपटॉपवर तोच फुगा: ओळखता येत नाही. माय कॉम्प्युटरमध्ये सी आहे, डी आहे, सीडीसुद्धा आहे. ह्याचा पत्ता नाही. दुसऱ्या खाचेत लावला. लॅपटॉप बंद करून लावला. वर्षभर ट्रंकेत कपड्यांत गुंडाळलेला, त्याला व्हायचंय काय?
माझा धाकटा भाऊ सलीम मागे उभा. "बुबू, काय झाला?"
म्हटलं, होईल रे. बोलायला माझ्या तोंडाचं काय जातंय.
मासेमारीची बंदी उठायला अठरा दिवस.

२९ जुलै
सगळं लिहून ठेवते. डोक्यात राहिलं की फिरत बसतं.
गेल्या पावसाळ्यात बोट किनाऱ्याला होती तेव्हा अब्बांनी वही काढली. कुठे जाळं मोकळं चालतं, कुठे खालचा खडक जाळं फाडतो, सगळे पॉइंट, अक्षांश-रेखांशासकट. त्यांना तोंडपाठ, वही सलीमसाठी. पण खाऱ्या पाण्याने पानं सुटायला आलेली. दार लावून आठ दिवस ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. दोनशे चौदा. प्रत्येकाला त्यांनी ठेवलेलं नाव. झालं, आणि वही माझ्यासमोर चुलीत घातली! "कोणाच्या हाती लागली तर?"
लॅपटॉपवरही ठेवू दिलं नाही, कारण अख्खी गल्ली त्यावर मस्कतमधल्या आपापल्या माणसांशी बोलायला येते. ह्यांनी तिकडून पाठवलेला हा ड्राइव्ह, त्यात एकच प्रत. दुसरी काढणार नाही म्हणून मला शपथ घातली. मी ती पाळली. गाढव मी.
मार्चमध्ये अब्बांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली.
यंदा बोट सलीम नेणार. पहिल्यांदाच तांडेल. इतकी वर्षं अब्बांबरोबर गेला, पण जीपीएसमध्ये आकडे घालताना ते त्यालाही केबिनबाहेर काढायचे, परतताना पुसून टाकायचे. वेळ आली की देईन म्हणायचे.

२ ऑगस्ट, गुरुवार
सलीमबरोबर मारुती मंदिरापाशी साळवीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. नवी केबल लावली. मग दोन पिनांची. म्हणे करंट कमी पडत असेल. मग त्याच्या कॉम्प्युटरला. एकदा क्षणभर यादीत दिसला, साइज काही नाही, गेला.
"मॅडम, काय होतं आत? फोटो?"
हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?
"दुसरीकडे कॉपी असेलच की."
मी असं बघितलं की बिचारा चहा सांगायला उठला.
मुंबईला उघडून बघतात म्हणाला. सलीम लगेच, "नाय नाय, तिकडचा माणूस वाचंल ना!" अगदी अब्बांचा मुलगा. शेवटी साळवी म्हणाला, बघा, प्लॅस्टिकमध्ये बांधून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, कधी कधी पाच मिनिटं चालतो. ओल मात्र लागू देऊ नका.

४ ऑगस्ट
शाळेतून आले तर ड्राइव्ह नाही. सलीमने बर्फाच्या फॅक्टरीत नेलेला. खाली चुऱ्याचा थर, वर चुऱ्याचा थर, सुरमई भरतात तसा भरला! "फ्रिजचा थंड काय थंड, बुबू?"
पिशवीत पाणी.
मी ओरडले. तो ओरडला. "तू एक कॉपी काढली असतीस तर!" अम्माने ड्राइव्ह पदराने पुसला, पोराचं डोकं पुसावं तसा.
आता टक् टकही नाही.

९ ऑगस्ट
पाच दिवस तांदळाच्या डब्यात सुकवला. आज लावला. दिवासुद्धा नाही. संपलं.
नावं आठवतात. म्हातारीचा दगड, सुरमईची गल्ली, फाटक्या जाळ्याचा. आकडे? सतरा अंश, बहात्तर अंश, पुढे कोरं. तेवढं शाळेतल्या नकाशातही आहे.
सलीम म्हणतो, दुसऱ्या बोटींच्या मागे मागे जाईन. त्या काय ह्याला वाट दाखवायला निघाल्यात? जाळं खडकात गेलं तर पहिल्याच फेरीला नाव बुडेल त्याचं, अब्बांचंसुद्धा. खलाशी दुसरीकडे जातील.

१२ ऑगस्ट, रविवार
अब्बांना सांगितलं. इतके दिवस धीर झाला नव्हता. "अब्बा, ड्राइव्ह गेला. काहीच उरलं नाही."
रागावले असते तर बरं वाटलं असतं. भिंतीकडे बघत राहिले. मला फार रडू आलं, त्यांच्यासमोरच.
मग मी एकेक नाव घेत गेले. प्रत्येक नावाला ते डोळे मिटायचे, म्हणजे हो, आहे. म्हातारीच्या दगडाला डावा हात वर केला. चार बोटं.
"चार काय, अब्बा? चार वाव खोल पाणी? चार मैल?"
हात खाली पडला. परत उचलला नाही.
सलीम म्हणतो, चार तास पश्चिमेला. अम्मा म्हणते, चारच्या चहाचं सांगत असतील.

१४ ऑगस्ट
नवी वही केली. एकतीस नावं आठवली. म्हातारीच्या दगडापुढे ४. बाकी रकाने रिकामे.
आणि त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. अब्बांना बोलता आलं असतं तर घराबाहेर काढलं असतं मला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन उरकून तशीच मिरकरवाड्याला, बंदरावर. सलीम निघाला. एक झेरॉक्स खिशात घेतली. कशाला ते त्यालाही माहीत नाही, मलाही. दोनदा वळून बघितलं. परवा येईल. जाळं घेऊन की नुसतेच दोर घेऊन, ते…
घरी येऊन दुसरी झेरॉक्स अब्बांना दाखवली. म्हटलं, शपथ मोडली, अब्बा. बराच वेळ बघत होते. मग डाव्या हाताने ओढून घेतली, दाराकडे बघितलं, कोणी नाही ना, आणि उशीखाली सारली.
तिच्यात एकच आकडा आहे.