नळाजवळच्या खिळ्यावरचा मास्क

सोमवार, ६ फेब्रुवारी
पूर्णगड सोडून रत्नागिरीत आले. नात मनस्वी इथे कोळंबीच्या शेडमध्ये कामाला, तिने मलाही तिथे लावून घेतलं. पोरीला लहानपणापासून दमा, आईबाप मुंबईत. तिच्या छातीवर कान ठेवायला कुणी हवं. खोली झकास, खिडकीतून भाट्याची खाडी दिसते. तिची उरलेली वही मला दिली, रोज चार ओळी लिही म्हणाली. शिकले चौथीपर्यंतच, पण शिव्या शुद्ध लिहिते.

मंगळवार
कोळंबी जन्मभर सोलली, पण अशी नटून कधी नाही. डोक्याला टोपी, पायात गमबूट, तोंडाला मास्क. कोरोना गेला, हा राहिला. कंपनीचे कापडी मास्क धुऊन भिंतीवरच्या खिळ्यांना टांगतात. सुपरवायझर विनोदने कोरा दिला, त्याने गाल सोलवटले. मग नळाजवळच्या खिळ्यावरचा जुना घेतला. धुऊन धुऊन लुगड्याच्या पदरासारखा मऊ झालेला. बायका एकदम गप्प झाल्या. म्हटलं, मास्कच घेतलाय, कुणाचा नवरा नाही.

बुधवार
फार दम लागला. आधी वयाला बोल लावला. मग नीट बघितलं. श्वास सोडला की कापड फुगायला हवं, हे आत येऊन दातांना चिकटतं. ओढला की फुगतं. माझ्या उलट कुणीतरी श्वास घेतंय.
शेजारच्या रुपालीने मान वर न करता सांगितलं, तो काशीचा. गणपतीच्या सुमारास ती याच जागेवर सोलत होती. जीव कोंडला, मास्क काढू का विचारलं. विनोद म्हणाला, एवढा माल संपू दे. आधी काशीच संपली.
आमच्यात मेलेल्याच्या अंगावरचं कापड खाडीला देतात. ह्या शहाण्यांनी साबण लावून परत टांगलं.

गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत मास्क खाडीत फेकून आले. घाईत. संध्याकाळी दोन घास जास्त जेवले. हात धुताना आठवलं, पाणी चढत होतं. कापड द्यायचं ओहोटीला, म्हणजे पाणी घेऊन जातं. भरती आणून देते. सगळा जन्म खाडीवर गेला आणि मी भरतीला —

शुक्रवार
खिळ्यावर आहे. ओला. विनोद म्हणतो धक्क्याला लागलेला मिळाला, कंपनीची वस्तू फेकायची नाही. मी मुकाट कोरा बांधला. खिळ्यावरचा तो मात्र — वारा नाही, पंखा बंद — फुगतो, बसतो, फुगतो. धाप लागल्यासारखा. मनस्वीला सांगितलं त्याला बोट लावू नको. हसली. आजी पूर्णगडची भुतं घेऊन आली म्हणाली.

शनिवार
मनस्वीच्या मास्कची नाडी तुटली. मी बर्फाकडे गेले होते. परत येते तर तिच्या तोंडावर तो. ओठ निळे. ओरबाडून काढला. तरी तिला श्वास येईना. डोळे पांढरे. आणि तो माझ्या मुठीत — फुगतोय. भरभरून घेतोय. तिचा.
त्याला तोंड हवं होतं. माझ्या तोंडाला बांधला. जाळ्याची गाठ मारली. तेव्हा कुठे पोरीची छाती हलली.
शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "आजी, तू श्वास धरलायस ना गे? मग मास्क हलतोय कसा?"

शनिवारच, दुपारी
रिक्षाने खोलीवर आणली. झोपलीय. छाती स्वच्छ वाजते.
गाठ सुटत नाही. ओली झाली की घट्ट होते, मीच मारलीय. कात्री लावली — मनस्वी खोकायला लागली. कात्री ठेवली. थांबली. परत लावली नाही.
मला आता श्वास अर्धाच येतो. अर्धा काशी घेते —
खिडकीतून बघतेय. पाणी फिरलं. ओहोटी. या खेपेला चुकायचं नाही. चल काशी, तोंडासकट —
मनस्वी, आतून कडी घाल. पुढच्या भरतीला दार वाजलं तर उघडू नको. हाक माझी असली तरी —