सासरेबुवांचे भोपळे

७ नोव्हेंबर
दिवसभर बोईसरच्या लॅबमध्ये लोकांचा गाळ तपासायचा आणि उमरोळीला घरी येऊन बघते तर आपल्याच परसात गाळ! सासरेबुवांनी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला हा गाळ पावसाळ्यात लाल भोपळ्यांना खत म्हणून घातला. ठेकेदार फुकट टाकून गेला म्हणे. इतके दिवस मी त्याला शेणखत समजत होते — आणि मी केमिस्ट!
भोपळे मात्र असे माजलेत की एक उचलायला मी आणि नवरा केदार, दोघं लागलो. तपासायला थोडा गाळ मागितला.
"माती कसली तपासतेस? भोपळा बघ," सासरेबुवा म्हणाले.

८ नोव्हेंबर
गाळ वाटीत भिजवून ठेवला होता. सासूबाईंना मेंदी वाटली. डोक्याला लावणार, इतक्यात पोचले.

१२ नोव्हेंबर
शिसं. मर्यादेच्या कितीतरी वर. विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासलं. तेच.
जेवताना सांगितलं. पानात भोपळ्याचीच भाजी. केदारचा घास हातात राहिला. सासरेबुवा म्हणाले, मशीन बिघडलं असेल. फळात किती उतरलंय ते कळेपर्यंत खाऊ नका, म्हटलं. त्यांनी आणखी वाढून घेतली.
मग सासूबाई हळूच म्हणाल्या, अर्ध्या आळीला भोपळे वाटून झालेत.

१३ नोव्हेंबर
रजा टाकून दारोदार भोपळे परत मागितले. लग्नानंतर एवढी शोभा कधी झाली नव्हती. काशीबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बोलल्या — सासरा देतो नि सून काढून नेते! एकाने अर्धाच परत केला, तोही रुसून.
साखरबाईंकडे भोपळ्याचे घारगे तळून तयार. ताटली पुढे. उपास आहे, म्हटलं. बुधवारचा कसला, त्यांनी विचारलं. ऐन वेळी मला एकही देव आठवेना.
शेवटी खरं सांगितलं.
"शिसं? पेन्शिलीतलं?"
पेन्सिलीत शिसं नसतं, हे समजावत बसले. त्यांचं लक्षच नव्हतं.
"नातीनं सकाली चार खाल्ले," त्या म्हणाल्या.
उद्याच तिचं रक्त तपासायला देऊ, म्हटलं.

१५ नोव्हेंबर
सासरेबुवा माझ्याशी बोलत नाहीत. मला सांगायचं ते कुत्र्याला सांगतात. आज त्याला कळलं की चहात साखर कमी आहे.

१८ नोव्हेंबर
भोपळ्यातही उतरलंय. गाळाइतकं नाही, पण खाण्यासारखं नाहीच. रिपोर्ट सासरेबुवांसमोर ठेवला. चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवर होता.

२१ नोव्हेंबर
साखरबाईंच्या नातीचं रक्त तपासून आलं. शिसं मर्यादेच्या आत. बाई माझा हात धरून बसल्या. घरी आल्यावर सासूबाईंना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. ओसरीवर पेपर खाली झाला, पुन्हा वर गेला.

२२ नोव्हेंबर
लॅबमध्ये असताना केदारचा फोन. गावात गाळाची नवी ट्रॉली आलीय आणि बाबा तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलेत. ठेकेदाराला म्हणतायत, "आमच्या सुनेनं तपासल्याबिगर एक घमेलं उतरणार नाय."