गॅलरीतून ओरडून सांगितलेल्या पासवर्डाबाबत

प्रति,
मा. पासपोर्ट अधिकारी साहेब,
आपल्या देशाची वकिलात,
खिडकी क्र. ४

विषय : कुलूप पडलेलं ऑनलाइन खातं उघडून १४ तारखेच्या भेटीची पावती मिळण्याबाबत.

संदर्भ : शनिवारी जिन्यात लागलेली पैज (तोंडी, साक्षीदार तीन मजले).

महोदय,

सविनय सादर करतो की, शनिवारी आमच्या इमारतीच्या जिन्यात माझी आणि खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या इथल्याच असलेल्या शिंपीणबाईंची पैज लागली. मी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतो, नऊ वर्षं या देशात आहे आणि इमारतीत लॅपटॉपच्या सुरक्षिततेचा मास्तर म्हणून मिरवतो. मास्तर मला कुणी केलं नाही, मीच झालो. माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आहे. कॉफीच्या दुकानातल्या फुकट वायफायवर मी बँकेचं नावही काढत नाही. शेजाऱ्यांची परीक्षा घ्यावी म्हणून मागे मी जिन्यात एक कोरा तक्ता लावला होता : 'आपले पासवर्ड इथे लिहा, सुरक्षित राहतील.' चौघांनी खरंच लिहिले. त्यात पहिलं नाव शिंपीणबाईंचं होतं, आणि मी ते महिनाभर सगळ्यांना सांगत हिंडलो. त्यामुळे त्यांचा राग साहजिक आहे, हे मी मान्य करतो.

त्या म्हणाल्या, तुझ्या लॅपटॉपला हात न लावता तुझं पासपोर्टचं खातं रविवार संध्याकाळपर्यंत उघडून दाखवते. मी म्हटलं, तुमच्या सात पिढ्या आल्या तरी जमणार नाही. अट अशी ठरली की, हरेल त्याने आपली फजिती लेखी करायची आणि जिंकणारा सांगेल त्या जागी, सांगेल त्या गर्दीत मोठ्याने वाचायची.

आता माझी सुरक्षा व्यवस्था सांगणं भाग आहे. ऑनलाइन फॉर्म भरायचे म्हटलं की मला घाम फुटतो. ते तिकडे घरी माझी थोरली बहीण भरते. पासवर्ड दर महिन्याला बदलावा असं मीच लोकांना शिकवतो, म्हणून दर महिन्याला ताईला नवा सांगावा लागतो. फोनला रेंज फक्त गॅलरीत येते. ताईला एका कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे मी एकेक अक्षर ओरडून सांगतो आणि ती स्पीकरवरून ते परत ओरडून पक्कं करते. वर दर वेळी म्हणते, "हळू बोल रे शहाण्या, लोक ऐकतात." मी दर वेळी म्हणतो, "ऐकू दे गं, इथं मराठी कुणाला कळतंय?"

साहेब, असं सहा वर्षं चाललं. माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली शिंपीणबाईंची खिडकी आहे. मी फोन करतो रविवारी, आणि रविवारी त्यांचं शिवणाचं मशीन बंद असतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

या महिन्याचा पासवर्ड होता 'खडूसबाई', इंग्रजी अक्षरांत, पुढे बावीस. खडूसबाई कोण ते आपण ओळखलं असेलच. तो टाकल्यावरही आत जायला सहा आकडी कोड लागतो, पण तो ताईच्या फोनवर येतो. रविवारी आम्ही बोलत असताना ती मध्येच म्हणाली, "अरे, तुझ्या खात्याचा नंबर आलाय बघ. घे लिहून. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ." मी म्हटलं, "असू दे, चुकून आला असेल." खाली बाईंनी पासवर्ड टाकला होता, आणि आता हा नंबर लिहून घेतला जात होता.

पाच मिनिटांत बाई जिना चढून दारात उभ्या. त्यांच्या लॅपटॉपवर माझा फोटो, माझी जन्मतारीख आणि आपल्याकडच्या भेटीची वेळ. अस्सल मराठीत, आमच्या ताईच्या सुरात म्हणाल्या, "बस खाली, शहाण्या." खडूस म्हणजे काय, ते त्यांना माझं ओरडणं ऐकता ऐकता चौथ्या वर्षीच कळलं होतं म्हणे.

मी घाबरून तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. सव्वीस अक्षरांचा केला, कुठेही लिहिला नाही, ताईलाही सांगितला नाही. तो इतका सुरक्षित आहे की आता मलाही माहीत नाही. पाच वेळा चुकलो आणि खात्याला कुलूप पडलं. सोडवणुकीचा प्रश्न आला, 'आपले आवडते शिक्षक कोण?' खरं उत्तर देऊ नये हा माझाच नियम, म्हणून मी थापच मारली होती. कोणती, ते आठवत नाही.

इथवर हसायला माझी हरकत नाही. पण साहेब, माझा पासपोर्ट २८ तारखेला संपतो आणि ३० तारखेला ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. १४ ची भेट झाली तर नवा पासपोर्ट वेळेत मिळतो. हुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. ताई फोनवर म्हणाली, "तू कशाला येतोस एवढ्या लांब, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती असं म्हणते, तेव्हा जायचंच असतं.

तरी माझी ओळख पटवून सदर खातं उघडावं, १४ तारीख कायम ठेवावी, कोड माझ्या इथल्या नंबरावर यावा अशी सोय करावी आणि नवा पासवर्ड मला आपल्यासमोर, तोंड बंद ठेवून टाकू द्यावा, ही विनंती.

शिंपीणबाईंनी जागा हीच निवडली आहे, आणि गर्दी आज गुरुवारची. हा अर्ज मी आपल्या खिडकीसमोर उभा राहून पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचत आहे. मागे रांगेत त्या स्वतः, त्यांच्या मागे आमची अख्खी इमारत आणि पुढे-मागे पासपोर्टवाले साठेक लोक आहेत. खुर्च्यांवर बसलेलेही एव्हाना उठून जवळ आले असतील. सोबत बाईंनी घरूनच लिहून आणलेला एक छोटा कागद आहे. त्यावर आपली सही आणि शिक्का झाल्याशिवाय बाई मला इथून हलू देणार नाहीत.

आपला हरलेला आणि नम्र,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरचा पॉलिशवाला
दिनांक : ७, गुरुवार

सोबत :
१) पासपोर्टची प्रत
२) ताईच्या डॉक्टरांची चिठ्ठी
३) दाखला : 'अर्जदाराने सर्व मजकूर खणखणीत आवाजात वाचला. "खडूसबाई" हा शब्द आला तेव्हा आवाज खाली घेतला, म्हणून तेवढा भाग पुन्हा वाचून घेतला.' (अधिकाऱ्यांच्या सहीसाठी जागा सोडली आहे.)