आरशावरची टिकली

पुणे, डिसेंबर २००६

माय,
तुले अन् बाबाले नमस्कार. मी मजेत आहो. मेसची पोळी आता गोड लागते.

इथल्या ग्रंथालयात कपाटाले कुलूपच नाही. पाहिजे ते पुस्तक काढा अन् वाचा! मी तर आधाशासारखी वाचून राह्यली.

काल आपल्या यवतमाळवरचं एक पुस्तक दिसलं. खुशीत उघडलं, तर पानभर तुहाच फोटो! ओटीत कापूस, कपाळ उघडं. खाली छापलं होतं, 'आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा.'

मग ध्यानात आलं. घामानं पडते म्हणून वेचणीले जाताना तू टिकली आरशाले चिकटवून जाते. त्या फोटोवाल्यानं उघडं कपाळ पाह्यलं अन् जित्या माणसाले मारून टाकलं! तुले एक शब्द विचारायले काय झालं होतं त्याले?

बाबाचा खोकला कसा आहे? नेहमी पत्र बाबाच लिहितात, पण मागची दोन्ही पत्रं तुह्या अक्षरात आली. 'बाबा वावरात गेले,' असं दोन्हींत लिहिलं होतं.

मी घाबरली नाही. पण यावेळी उत्तर बाबाच्या हातचं पाठव. त्यांनी नुसतं माह्यं नाव लिहिलं तरी चालते.

तुही,
शाल्मली