वेबसाइटवर नंबर कुणाचा

१४ जुलै
धाकटे दीर महावीर आज नवी वेबसाइट दाखवायला कारखान्यात आले. पुण्याच्या कुणा मित्राकडून करून घेतलीय. उघडली. आधी आजेसासऱ्यांचा हार घातलेला फोटो. मग सासरे, आमचे अण्णा, सत्काराच्या फेट्यात. मग आत्याबाईंचे यजमान, का ते देव जाणे. त्याखाली 'गुणवत्ता हाच आमचा धर्म'. आम्ही कडबाकुट्टी, म्हणजे गुरांचा चारा कापायची मशीन, बनवतो हे कळेपर्यंत बोट झिजतं. मशीनचा फोटोच नाही. म्हणे तेव्हा रंग दिला नव्हता.

चौकातला फ्लेक्स उचलून मोबाइलमध्ये टाकलाय, दुसरं काही नाही. भाऊजी खूश. मी 'छान' म्हटलं. एकत्र कुटुंबात हा शब्द फार उपयोगी पडतो.

१७ जुलै
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि भाऊजींनी विषय काढला. दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर शेड गोडाऊनला भाड्याने द्यायची. नवरा, भरत (यापुढे भ., आज तो जेवढं बोलला त्याला एक अक्षर पुरे), त्याने तर खंडाळ्याच्या कंपनीत नोकरीचं विचारूनही ठेवलंय. मला न सांगता.

शेडच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. बिलं, फोन, डोक्यावर खडखडणारा पंखा. लग्न होऊन आल्यापासून एवढीच एक जागा अशी, जिथे मला कुणी कुकर लावायला सांगत नाही. ती मी सोडणार नाही.

२१ जुलै
पुणेकराला फोन केला. ग्राहकाशी भावनिक नातं जोडायचं असतं म्हणाला. कडबाकुट्टी कधी बघितलीय का विचारलं. "फोटो बघितलेत मॅडम." उंटावरून शेळ्या हाकणारा. त्याच्या पानावर चौकशीसाठी रकाने: नाव, कंपनी, हुद्दा. जतचा मेंढरंवाला हुद्दा काय लिहील? मेंढ्यांना विचारून लिहील.

२४ जुलै
आज दोघं जण मशीन बघायला आले. मी बिलांत डोकं घालून नुसतं ऐकत होते. घरच्या सिंगल फेजवर चालती का. ओला मका अडकतो का. पातं बोथट झालं तर कुणाकडं जायचं. घरातल्या बाईला एकटीला चालवता येईल का. आमचा धर्म काय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

२६ जुलै
पान नव्याने लिहिलं. अगदी वर: 'घरच्या लाइटवर चालणारी कडबाकुट्टी. ओला मका, वाळला कडबा, दोन्ही.' खाली पात्याचं, दुरुस्तीचं, हात आत जाऊ नये म्हणून जे पत्र्याचं तोंड बसवतो त्याचं. मशीनचे फोटो, रंग न दिलेल्या मशीनचेच. भ.ने वाचलं. "लय साधं झालं." बरोबर आहे. कळेल असं लिहिलं की यांना ते साधं वाटतं.

२९ जुलै
किंमत टाकायची म्हटल्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले. "भाव पाटीवर लिवायला आपण काय वडापाव इकतोय?"
तो विषय तिथेच मेला. मी मात्र 'पासून पुढे' लिहून सुरुवातीची किंमत टाकायला पुणेकराला गुपचूप सांगितलं. अण्णा वेबसाइट उघडत नाहीत, त्यांना फक्त ती आहे एवढं माहीत आहे.

२ ऑगस्ट
नवं पान लागलं. दुपारपर्यंत आत्याबाईंचा फोन: आमच्या ह्यांचा फोटो काढलास, आमचं काय चुकलं? इतके दिवस त्या वेबसाइटवर चिटपाखरू फिरकत नव्हतं, पण फोटो गेलेला तासाभरात दिसला. लग्नपत्रिकेत नाव राहिल्यावर रुसतात तसंच. भाऊजींनी आत्याबाईंची माफी मागितली, माझ्या वतीने. मी मागायला सांगितली नव्हती.

८ ऑगस्ट
फोन यायला लागले. पण अण्णांच्या मोबाइलवर. पानावर नंबर त्यांचाच आहे, घरातल्या थोरल्याचा. मी समोर बसून ऐकते. आज पाटणकडचा कुणी होता.
"कुठल्या गावचं पावनं?"
मग त्या गावातल्या कुणाची मशीन आमच्याकडची, त्याचे वडील कसे वारले, थोरली लेक कुठे दिली. पलीकडचा बिचारा किंमत विचारतोय.
"भाव काय फोनवर सांगायचा असतोय व्हय? या की. च्या घ्या, मशीन बघा, मग बोलू."
पाटणहून सांगलीला चहाला. कोण येतंय? फोन ठेवून अण्णा समाधानाने म्हणाले, माणूस चांगला हाय, येईल. एवढी अक्कल खर्चून लिहिलेलं पान, आणि दारात हे बसलेत गाव विचारत.

१२ ऑगस्ट
माझा नंबर टाकूया म्हटलं. भाऊजी: थोरलं माणूस घरात असताना बाईचा नंबर? भ.: अण्णांना वाईट वाटेल. भ.ला सगळ्यांच्या वाईट वाटण्याची काळजी असते, एक मी सोडून. गोडाऊन झालं तर अण्णांना कसं वाटेल, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, विचारलंच नाही.

१३ ऑगस्ट
पुणेकराला नंबर बदलायला सांगितला. माझा. घरात कुणाला बोलले नाही.

२६ ऑगस्ट
वाजतोय. सकाळपासून वाजतोय. शेडच्या मागे, भंगाराच्या ढिगाशी उभी राहून बोलते. निम्मे आधी म्हणतात, मालकांना द्या. मी म्हणते, मालक कामात आहेत, फेज कोणता आहे सांगा. मग बोलतात. भाव सांगते, घरपोच कधी मिळेल ते सांगते, संपलं. जतकडच्या तीन मशीन ठरल्या. भ.ला वाटतंय पाऊसपाणी बरं झालं म्हणून. वाटू दे.

४ सप्टेंबर
आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस. अण्णा मंदिरातून आले की थेट शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मोबाइल मांडीवर. मधेच उचलून कानाला लावतात, ठेवतात. भंगाराकडे जायला मला त्यांच्या समोरूनच जावं लागतं.

११ सप्टेंबर
सकाळी टेबलापाशी आले. मोबाइल दोन्ही हातांनी पुढे केला.
"ह्यो बिघडलाय का बघ जरा. कुणी फोनच करंना."
बघितल्यासारखं केलं. माझ्या फोनवरून त्यांना लावला. वाजला. अण्णांच्या चेहऱ्यावर एकदम हुरूप आला, आणि मग गेला.
"बरा हाय की. मग लोकंच करंनात."
दारात जाऊन बसले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. आज दिवसभर मला माझीच चीड आली आहे, आणि इतके दिवस इतरांसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द मला नीट बसतात.

१९ सप्टेंबर
भाऊजींना ऑर्डरी दिसल्या. श्रेय पुणेकराला. वर म्हणाले, हा नुसता हंगाम आहे, गोडाऊनवाला शेड बघायला येऊन जाऊ दे, बघायला काय जातंय. भ.ने मान हलवली. खंडाळ्याला नाही म्हटलंय का विचारलं, तर म्हणाला अजून कळवलं नाही. कुंपणावर बसायची स्पर्धा असती तर पहिला नंबर घरातच राहिला असता.

नंबर परत अण्णांचा टाकावा का? रोज ठरवते. रोज फोन वाजतो, आणि मी उचलते.

खंडेनवमी
मशीनना झेंडू, हळदकुंकू. अण्णांनी स्वतः पात्यांची पूजा केली. प्रसाद वाटत होते तेवढ्यात जतकडून एक जण टेम्पो घेऊन आला. अण्णा किती दिवसांनी उठून उभे राहिले. कुठल्या गावचं पावनं, बसा, च्या सांगतो.
तो बसला. म्हणाला, "च्या नगं, मशीन चढवून द्या. फोनवर बाईंनी समदं सांगितलंय, भाव बी. बाई कुठं हायत?"
भ. झेंडूची माळ धरून तसाच उभा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. हमालांना हाक मारली, मशीन चढवून घेतली, पाहुण्याला चहा पाजूनच सोडला.
भाऊजींचा निरोप: गोडाऊनवाला दसऱ्यानंतर येतोय.
संध्याकाळी सगळे गेल्यावर अण्णा टेबलापाशी आले.
"म्हंजे माझा फोन बरा हाय तर."
मी मान खाली घातली. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. तो वाजत राहिला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.
"उचल," अण्णा म्हणाले. "गाव इचार आधी."
उचलला. गाव विचारलं. ऐकायला अण्णा थांबले नव्हते.