तुझ्या मशीनची खंडेनवमी

आई, काल खंडेनवमी झाली. सकाळी माळेसाठी झेंडू निवडताना तुझी इतकी आठवण आली की सगळं तसंच टाकून बसून राहिले. साठीला बँकेतून निवृत्त झालेली बाई मी, पण तेवढ्यापुरती परकरातली पोर झाले आणि मुलुंडच्या तुझ्या औषधांच्या कारखान्यात पोचले. त्या एका दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. मशिनी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, माळा घालून उभ्या, आणि तू नवं लुगडं नेसून मला तुझी मशीन दाखवते आहेस. वरून गोळ्या पडतात, चकाकत्या कागदात बंद होतात, की झाली स्ट्रिप तयार. मी हात पुढे केला तशी तू दटावलंस, "हिका हात लावू नको. आज तिची सुट्टी." पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं ना! घरी कुणाचं औषध आलं तरी तू आधी स्ट्रिपच्या कडेवरून अंगठा फिरवायचीस, कागद नीट चिकटलाय का बघायला. आम्ही हसायचो. ताप माणसाला आणि तपासणी गोळीची.

बाबांची गिरणी संपात कायमची बंद पडली आणि पाठोपाठ तुझ्या हातात कागद पडला. कंपनीचा नियम असा, की बायका पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त आणि पुरुष अठ्ठावन्नाव्या. तुझीच मशीन दुसऱ्या पाळीत चालवणारा गडी तुझ्याच वयाचा, पण तो राहणार आणि तू जाणार. भांडुपच्या आपल्या खोलीत तू भाकरी थापते आहेस, आणि थापता थापता म्हणतेस, "मशिनीक काय ठावक, चालवणारो बापयो की बायलमाणूस?" बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "शाण्यान कोर्टाची पायरी चढू नये गो." तू भाकरी उलटलीस. "मगे मी येडीच बरी."

युनियनच्या वकिलांनी कामगार न्यायालयात दावा लावला. तुला पगारापेक्षाही ती मशीन परत हवी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तारखांवर तारखा पडत गेल्या. खंडेनवमी आली की तू मात्र माळ घेऊन गेटवर हजर. एकदा मी बरोबर होते. तुला आत सोडायची वॉचमनला मनाई होती. त्या बिचाऱ्याने मान खाली घालून माळ घेतली. "ताई, मी घालतो ना तुमच्या मशिनीला. टेन्शन नका घेऊ." तू विचारलंस, "तेल घालतत मा रे तिका?" सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसा तुझा आवाज झाला होता. 

निकाल तुझ्या बाजूने लागला. नियम अन्यायाचा, तुझं म्हणणं रास्त. पण तोवर तू अठ्ठावन्न ओलांडली होतीस, त्यामुळे मधल्या वर्षांचा पगार तेवढा मिळाला, परत कामावर घ्यायचा प्रश्नच उरला नाही. वकीलसाहेब पेढे मागत होते.

"म्हणजे एक दिससुद्धा आत जावक गावचा नाय?"

"मावशी, अहो, जिंकलात तुम्ही!"

"ता खरा. पण एक दिस?"

ते घड्याळ बघायला लागले. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याची काही चूक नव्हती हेही कळतं. कोर्टाचा जिना तू माझा हात धरून उतरलीस, एरवी कधी धरत नसायचीस.

मला बँकेने शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. माझ्याच दिवशी निवृत्त होणारा एक सहकारी शेजारी बसला होता, वयही तेच. त्या वेळी समोरच्या खुर्चीत तू हवी होतीस. फार हवी होतीस गं.

कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत, माळ द्यायला गेट नाही. म्हणून काल पाटावर विळी, कात्री आणि माझी रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप मांडली. कडेवरून अंगठा फिरवला, मग हळदकुंकू वाहिलं. लेक म्हणाली, "आई, काहीही काय! औषधाची कोण पूजा करतं?" मी तिला प्रसाद दिला आणि गप्प केलं.

हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, तेव्हा राहील इथेच उशीखाली. एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवली आहे, ती तुला सांगते. दर खंडेनवमीला मी गोळी घेत नाही. त्या दिवशी तिची सुट्टी असते.