गटात न बसणारी मेंढी

तीर्थस्वरूप सौ. दैवशाला आक्काच्या सेवेशी,

येलदरीहून धाकट्या सूर्यभानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला का? (पडला नसेल तर मी दिलेलं तेल त्यांनी डोक्यालाच चोपडलं असणार.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. घरात फोन एकच, आणि तो लावला की दीपिका कान देऊन बसते. लिहायचंय ते तिच्याबद्दलच आहे.

पाचवीतल्या पोरांची निवासी शाळेसाठी परीक्षा असते, त्या परीक्षेला आमच्या पोरीला बसवलं होतं. निकाल लागला. गणित बरं, भाषा चांगली, पण बुद्धिमत्तेच्या भागात चाळीसपैकी सहा. परमेश्वर गुरुजी माणूस भला, पण बोलताना मागचा-पुढचा विचार नाही. चारचौघांत म्हणाले, "सूर्यभान, पोरगी कामाला लय चपळ हाय, पण डोकं जरा जडच हाय बघ." पोरगी तिथंच उभी.

मला असा राग आला की प्रश्नपत्रिका घरी आणून मी स्वतः सोडवायला बसलो. (किती बरोबर आले ते आमच्या छबूबाईनं विचारलं, तेव्हा मी तिला चहा ठेवायला सांगितलं.) एके ठिकाणी विचारलंय, आगगाडी पूल किती सेकंदांत ओलांडेल? आपण चुडाव्याला मामाकडे जायचो तेव्हा गाडी अर्धा अर्धा तास सिग्नलला उभी असायची. ते सेकंद कुठं धरायचे, याला पर्यायच दिलेला नाही.

उत्तरपत्रिकेतले गोल काळे करताना दीपिकानं पेपरावरही पेनानं खुणा केल्या होत्या. बुद्धिमत्तेचा भाग तिनं शेवटी धरला होता. पहिल्या दहातले सहा बरोबर, आणि अकराव्यानंतर सगळं कोरं. अकरावा काय, तर पानासारख्या चार आकृत्या, प्रत्येकीला कुठं ना कुठं खाचा, त्यातली गटात न बसणारी शोधा. हिनं तिसरी धरलेली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबा, ते कानं हायेत ना? तिसऱ्याला खालून दोन काप हायेत. म्हंजे आपली मेंढी दुसऱ्याच्या कळपात घुसलीय." (आबांच्या वेळेपासून आपल्या मेंढरांच्या कानाला खालून दोन काप असतात, हे तुला सांगायला नको.) मग पुढचं का सोडवलं नाहीस? तर म्हणे, "मेंढी एकटी कशी जाईल? बाकीच्या हुडकायलते मी." शेवटच्या पानापर्यंत तिनं एकेक आकृती तपासली. आणखी दोन सापडल्या, तोवर घंटा झाली.

आक्का, मी पोट धरून हसलो आणि मग मला रडूच आलं. साठ कोकरांतलं कुठलं कोणत्या मेंढीचं, हे जी नुसत्या आवाजावरून सांगते, तिची बुद्धी चाळीस गोलांत मावते का? मावतही असेल, मी कोण सांगणारा. पण पोरीनं ते मनाला लावून घेतलंय. आठ दिवस दप्तराला हात लावलेला नाही. म्हणते, "माझं डोकं मेंढरापुरतंच हाय, मी शाळा सोडते." मेंढरांमागं मी सुखात आहे, ती आली तरी मला वाईट वाटणार नाही. पण स्वतःला मठ्ठ समजून तिनं येऊ नये, एवढंच. ते मला सोसत नाही.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
सूर्यभान

ता.क. : मी तिला सांगितलंय की आत्याला अशाच परीक्षेत चारच मार्क पडले होते, तरी आज ती परभणीच्या दवाखान्यात नर्स आहे. (तू तालुक्यात पहिली आली होतीस आणि आबांनी पेढे वाटले होते, हे मी विसरलेलो नाही.) रविवारी पोरगी तुला फोन करील. तेवढे चार मार्क कबूल कर. तुझी इज्जत जाईल, पण भावासाठी सोस.

ता.क. दुसरा : आत्या, मी दीपिका. चिठ्ठी टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडंच दिली, आन् पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. तुमचं पहिल्या नंबराचं सर्टिफिकेट बाबांनी काल पेंडीच्या पोत्याखाली लपवलं, ते मी पायलं. तरी फोनवर चारच व्हते म्हणा. बाबा बाजूलाच बसतेत, मी खरं धरल्यावाणी करते. लय काळजी करायलेत ते. ह्ये लिहायला पेन पायजे व्हता म्हणून दप्तर उघडावं लागलं. आता उघडलंच हाय तर सोमवारी जाते शाळंला.